खाली लिहिलेले सहा ट्रे

देवीदास रामटेके भित्रा माणूस होता, आणि हे भनपुरीत कुणापासून लपलेलं नव्हतं. ट्रकांच्या त्या रस्त्यावर पलीकडं जायचं तर तो आधी दोन ट्रक जाऊ द्यायचा आणि मग खात्रीसाठी तिसराही. दारात कुणी लांबडं पाकीट घेऊन उभं राहिलं की बायकोला पुढं करायचा. कचेरीच्या खिडकीत स्वतःचं नाव सांगतानाही तो अडखळायचा. शांता, त्याची बायको, आल्यागेल्याला लग्नाचा फोटो मुद्दाम दाखवायची. फोटोवाल्यानं 'इधर देखिए' म्हटलं तेव्हा नवरदेव दचकला होता आणि फोटोत तसाच आला होता.

माणसं हसायची, तोही हसायचा. पण फोटोतली भीती वेगळी आणि आताची वेगळी, हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. पहिली त्यानं जन्मासोबत आणली होती. दुसरी सिलतऱ्याहून आणली.

सिलतऱ्याला स्पंज आयर्न नावाचं लोखंड बनवणाऱ्या एका कारखान्यात तो हेल्पर होता. ही गोष्ट छत्तीसगड वेगळं होण्याच्या आदल्या वर्षाची. कोळसा वर नेणाऱ्या बेल्टच्या तळाशी कोळसा अडकला होता आणि तो काढायला भैय्यालाल साहू नावाचा मजूर उतरला होता. वर कॅबिनमध्ये सुशील तिवारी हा ऑपरेटर, तळाशी भैय्यालाल आणि मधल्या जिन्यावर देवीदास. याचं काम एवढंच, की तळचं वर सांगायचं आणि वरचं तळाशी. त्या घरघराटात सुशीलनं वरून विचारलं, चालू करूँ क्या? देवीदास तसा दिवसभर हिंदी बोलणारा माणूस, पण घाबरला की तोंडातून आईचीच भाषा यायची. तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "खाली आहे! खाली आहे!"

माणूस खाली आहे, असं त्याला म्हणायचं होतं. सुशीलला ऐकू आलं, खाली है. म्हणजे बेल्ट रिकामा आहे, तिथं कुणी नाही. त्यानं बटण दाबलं.

भैय्यालाल वाचला, पण त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. सुशील रडत रडत सांगत होता की यानंच मला 'खाली है' म्हटलं. साहेबांनी देवीदासकडं वळून विचारलं, तूने खाली बोला था? त्या वेळी त्यानं दोन वाक्यं बोलायला हवी होती. साहेब, मी मराठीत बोललो, आमच्यात खाली म्हणजे नीचे. बास, एवढ्यानं सगळं उलगडलं असतं. पण त्याची पाचावर धारण बसली होती. तो म्हणाला, "मैंने कुछ नहीं बोला, साहब." दुसऱ्या कुणी काही ऐकलेलं नव्हतं. सुशीलला कामावरून काढलं आणि तो बायकोपोरांना घेऊन बलियाकडं आपल्या गावी निघून गेला. दोन महिन्यांनी देवीदासनं आपणहून ते काम सोडलं.

हे त्यानं शांतालासुद्धा सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून 'खाली' हा शब्द तोंडातून काढून टाकला. घरातही तो 'नीचे' म्हणायचा. भांडं नीचे ठेव, पोट्टी नीचे खेळून राहिली. शांताला वाटायचं, नवरा कारखान्यात राहून अर्धा हिंदीवाला झाला. दर रविवारी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, जिथं खोटं न बोलण्याचा शब्द द्यायचा असतो, त्याचे नुसते ओठ हलायचे. शांता शेजारीच बसायची, तिच्या ते लक्षात आलं. तिनं एकदा विचारलंही, "चवथ्यालेच तुमचा आवाज काहून बसते जी?" अगरबत्तीचा धूर लागतो, असं त्यानं सांगून टाकलं. म्हणजे त्या शीलाबद्दलही खोटंच बोलला.

पुढं त्यानं माळीकाम धरलं. रोपं काही चौकशी करत नाहीत, म्हणून धरलं असावं. छत्तीसगडची नवी राजधानी उभी राहू लागली तेव्हा तिथल्या रोपवाटिकेत त्याला रोजंदारीवर घेतलं आणि भनपुरीहून तो रोज दोन बस बदलून जाऊ लागला. त्या वाटेवर, तेलीबांध्याच्या वळणाला, भैय्यालालनं पानठेला टाकला होता. डाव्या हातानं तो पानाला चुना लावायचा. एकदा ते दिसल्यापासून देवीदास बसमध्ये पलीकडच्या खिडकीशी बसायचा, आणि त्या बाजूला जागा नसली तर बस सोडून द्यायचा. उशीर झाल्याबद्दल बोलणी खायला त्याची तयारी होती.

नव्या राजधानीत सगळंच नवं होतं, गवतसुद्धा. नव्या तलावाचा बंधारा रेती आणि मुरूम टाकून उभा केला होता, आणि त्यावर बाहेरगावाहून गालिच्यासारखं गवत आणून अंथरलं होतं. दोन उन्हाळ्यांत ते जळून खाक झालं. उतार उघडा पडला आणि रेती घसरायला लागली. रोपवाटिकेच्या प्रमुख राधिका पाटणकर होत्या, चौबे कॉलोनीतल्या मराठी घरातल्या, शेतकी शिकलेल्या. त्यांनी एक दिवस सगळ्यांसमोर जाहीर केलं की या उतारावर आपण मोथा लावणार आहोत.

मजूर बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मीरा, जवळच्याच गावातली, धानाच्या शेतात वाढलेली बाई, तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू फुटलंच. मोथा म्हणजे आपल्याकडचा लव्हाळा. शेतात शिरला की धन्याला रडवतो, उपटला तर कंदातून पुन्हा वर येतो. ज्याला उपटण्यात बायकांच्या कमरा गेल्या, तो आता सरकारी खर्चानं पेरायचा होता. देवीदासलाही हसू आलं होतं, पण साहेब लोकांसमोर हसायची त्याची छाती नव्हती.

मॅडमनी त्यांना हसू दिलं आणि मग समजावून सांगितलं. हा तो शेतातला मोथा नव्हता, त्याचा जंगली भाऊबंद होता. शेतातल्याला ओल लागते. हा कोरड्या रेतीत मुठीएवढ्या झुबक्यांनी उभा राहायचा आणि मुळांच्या जाळ्यात रेती धरून ठेवायचा. तो त्यांना एका नाल्याच्या रेताड काठावर सापडला होता. नोव्हेंबरात त्यांनी वाळलेले तुरे तोडून आणले, दोन ओंजळी भरतील एवढे. कंद खणायला आठ दिवसांनी माणसं घेऊन गेल्या, तर नव्या रस्त्यासाठी तो काठ सपाट झालेला. मग त्यांनी जवळपासचे आणखी तीन नाले पालथे घातले. कुठंही तो मोथा नव्हता. आता जे काही होतं ते एका कागदी पिशवीत होतं, आणि मार्चच्या सुरुवातीला ती पिशवी त्यांनी देवीदासच्या हातात दिली.

"काका, एवढंच बी आहे," त्या म्हणाल्या. "दुसरं कुठून मिळणार नाही."

ही पिशवी कुणा शहाण्या माणसाला द्या, असं देवीदासला म्हणावंसं वाटलं. पण नाही म्हणायलाही धीर लागतो. त्यानं पिशवी छातीशी धरली आणि मान हलवली.

कामाला मात्र त्याचा हात चांगला होता, हे कुणीही कबूल केलं असतं. त्यानं तुरे तळहातांवर चोळले, सुपात हलक्या हातानं पाखडले, आणि जे उरलं ते मोहरीहून बारीक, तपकिरी असं बी होतं. रेती दोनदा चाळली. बी तसंच पेरलं असतं तर एका जागी पडलं असतं, म्हणून कोरड्या बारीक रेतीत कालवून घेतलं. बारा ट्रे भरले. मॅडमना खात्री नव्हती की या बियाला झाकण हवं की उजेड, म्हणून सहा ट्रेंत बियावर रेतीचा पातळ थर घातला आणि सहांत बी उघडंच ठेवून फळीनं नुसतं दाबलं. झाकलेले सहा मांडणीच्या वरच्या कप्प्यात आणि उघडे सहा खालच्या कप्प्यात ठेवायचे ठरले. वरून पाणी घालायचं नव्हतं, कारण थेंबानं बी वाहून जातं. रोज सकाळी एकेक ट्रे उचलून पाण्याच्या टाकीत अर्ध्या उंचीपर्यंत ठेवायचा आणि रेती बुडातून ओली होऊ द्यायची. या उचलाउचलीत अदलाबदल होऊ नये म्हणून काहीतरी खूण करा, असं सांगून मॅडम हात धुवायला गेल्या.

त्या दिवशी त्या सकाळपासून देवीदासशी मराठीत बोलत होत्या. त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी, याची वऱ्हाडी, पण घराबाहेर एवढा वेळ मराठी बोलायची सवयच त्याला राहिली नव्हती. त्याला बरं वाटत होतं. गवताची पानं दोन बाजूंना फुटतात आणि मोथ्याची तीन बाजूंना, वरून पाहिलं की लगेच ओळखू येतं, हे त्यांनी त्याला काडीनं रेतीत काढून दाखवलं होतं. लहानपणी आई चुलीच्या राखेत अक्षरं काढून दाखवायची, ते त्याला आठवलं. त्याच गुंगीत त्यानं मार्कर उचलला. वरच्या सहा ट्रेंच्या काठावर त्यानं लिहिलं 'वर'. खालच्या सहांवर लिहिलं 'खाली'.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीपाशी पहिला ट्रे उचलला आणि काठावरचं अक्षर त्याच्या नजरेला पडलं. आपल्याच अक्षरात तो शब्द सहा वेळा लिहिलेला होता. तो पुसायला हवा, हे त्याला तिथल्या तिथं कळलं. पण मार्कर पाण्यानं जाईना. थिनर सुपरवायझरच्या खोलीत होतं. ते मागायचं तर तो विचारणार, काहे के लिए? मग काय सांगायचं? उद्या बघू, असं म्हणत त्यानं ट्रे जागेवर ठेवला, आणि ते उद्या पुढं ढकलत राहिला.

आठवडाभरानं मॅडम पाच आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी बेंगळूरूला गेल्या. देवीदास रोज ट्रे भिजवत होता आणि वाकून, नाक रेतीला लागेस्तोवर, बघत होता. वरच्या कप्प्यात पंधराव्या दिवशी पांढरी बुरशी आली, तेव्हा ते सहा ट्रे रेतीसकट फेकून द्यावे लागले. आता सगळा जीव खालच्या सहांत होता. त्यांत बुरशी नव्हती आणि अंकुरही नव्हता. उगवलं नाही तर मॅडम काय म्हणतील, या धास्तीनं त्याला जेवण गोड लागेना. शांतानं विचारलं तर म्हणाला, ऊन लागलं.

एकोणिसाव्या दिवशी त्याला शेणखताच्या गाडीबरोबर पाठवलं. दुपारी परतला तर मांडणीचा खालचा कप्पा रिकामा होता. ट्रे उन्हात उपडे घातलेले, घासूनपुसून स्वच्छ, आणि त्यांवरचं अक्षर थिनरनं पार गेलेलं. देवीदास मांडणीला धरून उभा राहिला.

झालं होतं ते साधंच. कुण्या मोठ्या पाहुण्यासाठी रस्त्याकडेला झेंडू लावायचा हुकूम आला होता. सुपरवायझर नीलेश, पंचविशीतला, मराठी आडनावाचा पण हिंदीच बोलणारा पोट्टा, त्यानं मीराला रिकामे ट्रे गोळा करून धुवायला सांगितलं. मीरा साक्षरता वर्गात जाऊन वाचायला शिकली होती आणि तिला त्याचा अभिमान होता. तिनं मांडणीतले ट्रे पाहिले. आत नुसती रेती, हिरवं नाव नाही, आणि काठावर लिहिलेलं होतं, खाली. तिनं रेती टोपलीत ओतून बंधाऱ्याच्या उतारावर नेऊन टाकली आणि ट्रे घासले. झेंडूची रोपं संध्याकाळपर्यंत त्यांत लागलीसुद्धा.

देवीदासनं तिला फक्त एवढंच विचारलं की रेती कुठं टाकली. जागा बघितली आणि तिथं तीन विटांचे तुकडे ठेवले. कुणाला काही बोलला नाही.

मग त्यानं स्वतःशी एक सौदा केला. उतारावर बी उगवलं तर काही बोलायची गरज नाही. बी आहे, मोथा आहे, मग कुणी काय लिहिलं याच्याशी कुणाला देणंघेणं? पुढचे तीन आठवडे तो पहाटेची पहिली बस धरून, बाकीचे यायच्या आत, झारीनं तिथं पाणी घालत राहिला. त्या वेळी भैय्यालालचा ठेलाही बंद असायचा, तेवढाच दिलासा. रेती एवढी कोरडी, की पाणी पडलं की चर्र आवाज व्हायचा आणि उरलेलं उतारावरून ओघळून जायचं. तो विटांच्या मध्ये गुडघे टेकून बघायचा. आजूबाजूनं कुणी येतंय का याकडं एक डोळा आणि रेतीवर एक. काही नव्हतं. रोज काही नव्हतं, आणि मॅडमच्या येण्याचा दिवस जवळ येत होता.

त्याच्या आदल्या दिवशी जयंती होती. भनपुरीत निळ्या पताका लागल्या होत्या, विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांनी उभं राहून पंचशील म्हटलं. चौथ्या शीलापाशी देवीदासला मीरा आठवली. तिला अजून काही कळलं नव्हतं. ती रोज त्याला 'भैया, चाय पी ले' म्हणत होती. त्याला वाटलं, उद्या हिचं सुशीलसारखं होणार. या वेळी तर त्याचे ओठही हलले नाहीत. शांतानं कोपरानं ढोसलं तेव्हा तो भानावर आला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. रिकामी मांडणी पाहिली आणि सगळ्यांना बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. नीलेशला आपली मान सोडवायची घाई होती. त्यानं सांगितलं की रिकामे ट्रे मागितले असताना या बाईनं भरलेले ओतले, आणि उद्यापासून येऊ नको म्हणून मी तिला आताच बजावलंय.

मीराचा चेहरा पडला. "जम्मो म 'खाली' लिखाय रहिस, दीदी," ती म्हणाली. "मैं पढ़ के फेंकेंव."

ओतलेल्या सगळ्या ट्रेंवर तसं लिहिलं होतं, वाचूनच फेकलं, असं ती सांगत होती. नीलेश म्हणाला, इसे पढ़ना आता कहाँ है. भरे हुए ट्रे पे कोई खाली क्यों लिखेगा? मीरानं सगळ्यांकडं पाहिलं. तिच्याशिवाय ते अक्षर कुणी वाचलं नव्हतं, आणि तिनंच ते घासून काढलं होतं. तिनं पदर डोळ्यांना लावला.

मॅडम देवीदासकडं वळल्या. "काका, तुम्ही खूण काय केली होती?"

देवीदासला कारखान्यातली ती खोली दिसली, तसाच टेबलावरचा पंखा, तसाच सगळ्यांचा त्याच्याकडं वळलेला चेहरा. 'लाल टिकली केली होती' असं वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. कुणी पकडणार नव्हतं. मीरा त्याच्याकडं बघतही नव्हती, कारण हा काही जाणतो हे तिच्या गावीही नव्हतं. सुशील मात्र तेव्हा बघत होता. चौकशी संपेपर्यंत याच्याकडं बघत होता.

"मी लिवलं, मॅडम," देवीदास म्हणाला. "वरच्या ट्रेवर 'वर'. अन्..." इथं तो अडला. चौदा वर्षांत तो शब्द त्याच्या तोंडून बाहेर आला नव्हता. "अन् खालच्यावर, खाली. तिनं बरोबर वाचलं. गलती माझी आहे. तिले काढू नका."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि बाकीच्यांना हिंदीत सांगितलं, मराठी में खाली मतलब नीचे. नीलेशच्या तोंडाचा आ झाला. मग तो हळूच म्हणाला, हाँ, मेरी आजी बोलती है ऐसा. एक-दोघी हसल्या. मीरा हसली नाही, ती रडत होती, पण उद्या ये असं मॅडमनी सांगितल्यावर तिनं पदर खोचला आणि कामाला गेली.

देवीदास तिथंच उभा होता. आभाळ कोसळायचं राहिलं होतं आणि तो त्याची वाट बघत होता. मॅडम म्हणाल्या, चला, रेती कुठं टाकली ती जागा दाखवा. बंधाऱ्यापर्यंतच्या त्या वाटेवर त्यानं त्यांना सिलतऱ्याचं सगळं सांगितलं. जिना, बेल्ट, सुशीलचा प्रश्न, आपलं ओरडणं आणि दुसऱ्या दिवशीचं 'मैंने कुछ नहीं बोला'. सांगताना मध्ये थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबला नाही. मॅडम ऐकत चालत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, भैय्यालालला हे माहीत आहे का?

"नाही," तो म्हणाला. "तो समजते, सुशीलनं जाणून केलं. मले रोज दिसते तो, बसमधून. सांगतो आता. लई भेव वाटते, पण सांगतो."

त्यांनी 'घाबरू नका' म्हटलं नाही. फक्त त्याच्याबरोबर बंधाऱ्यावर चढल्या.

विटांच्या आत कोरडी ठणठणीत रेती होती. मॅडम उकिडव्या बसल्या, बोटानं रेती उकरली आणि सुस्कारा सोडला. त्याला वाटलं, गेलं. नाल्याचा काठ गेला, पिशवीतलं बी गेलं, आणि या दोन्हींच्या मध्ये आपण होतो. मग मॅडमचं लक्ष उतारावरच्या बारीक घळींकडं गेलं. पाणी झारीनं घालत होतात का, त्यांनी विचारलं. त्यानं हो म्हटलं. रोज? रोज. थेंबानं बी वाहून जातं हे मी सांगितलं होतं ना काका, असं त्या म्हणाल्या, रागावून नाही, दमल्यासारख्या. देवीदासनं मान झुकवली. घाबरल्या हातानं त्यानं तीन आठवडे बी धुऊन काढलं होतं.

त्या घळींचा माग काढत तो उतरला. उतारावर पाय घसरत होते, बसत-उठत, हात टेकत तो तळाशी पोचला. तिथं बंधाऱ्याच्या पायथ्याला दगडांची रांग होती, आणि वरून वाहून आलेली बारीक रेती त्या दगडांच्या सावलीत साचली होती. ती ओलसर होती. तो गुडघ्यांवर बसला. आधी त्याला काहीच दिसलं नाही. मग डोळे स्थिरावले तेव्हा केसांसारखं हिरवं काहीतरी दिसलं, एक, मग बाजूला आणखी, मग त्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत. गवतही असू शकतं, त्यानं स्वतःला बजावलं. श्वास लागू नये म्हणून तोंडावर हात धरला आणि एका रोपावर अगदी वरून वाकला. एक पान एका बाजूला, दुसरं दुसऱ्या बाजूला, आणि तिसरं तिसऱ्या.

त्यानं पुढचं रोप पाहिलं. तीन. त्याच्या पुढचंही तीन.

वरून मॅडमचा आवाज आला. वाऱ्यानं अर्धा उडून गेला, पण प्रश्न कळला. काही आहे का, असं त्या विचारत होत्या. त्या वर उभ्या, हा तळाशी, आणि मधे तो उतार. देवीदासनं मान वर केली. दोन्ही हात दगडावर टेकले. तोंडात पहिल्यांदा 'नीचे' आलं. तो शब्द त्यानं गिळला.

"खाली आहे!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "खाली आहे!"

आणि त्यानं डोळे घट्ट मिटले, कारण मागच्या वेळी या शब्दांनंतर बेल्टचा आवाज आला होता. या वेळी नुसती रेती सरकल्याचा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा राधिका मॅडम चपला हातात घेऊन उतारावरून खाली येत होत्या.